‘गंमत’ आणि ‘मजा’ यात फरक काय? ‘गंमत’ कुठे कुठे वापरतात?

मजा आपल्याला येते, गंमत घडते. नदीत डुंबायला मजा येते, पण डुंबणाऱ्याची चड्डी वाहून गेली तर ती गंमत, त्याची सोडून सगळ्यांची. बाकी वापर माहीतच असतील, ‘गंमत म्हणजे छत्री नेली त्या दिवशी पाऊसच नाही’, पोराला ‘डोळे मिट, तुझ्यासाठी गंमत आणलीये’ आणि त्याच पोराने ऐकलं नाही की ‘थांब, दाखवतो गंमत’.

पण एक अर्थ कोणीच सांगत नाही म्हणून लिहितोय. आमच्या भंडारा-गोंदियाकडे गंमत रात्रभर चालते, खडी गंमत नावाचं लोकनाट्य. दिवाळी झाली की गावोगाव मंडई (भाजीबाजार नव्हे, जत्रा) भरते आणि रात्री शाहीर, ढोलकी, डफ, तुणतुणं, बाईच्या वेशात नाच्या, सगळं उभ्याउभ्याच म्हणून खडी. माझे मामा नाच्या होते. दिवसा धानाचे भारे उचलणारा माणूस रात्री लुगडं नेसून असा ठुमकायचा की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि पहाटे घुंगरं सोडून परत वावरात.

पुण्यात ऑफिसात म्हटलं, सुट्टी पाहिजे, गावाला गंमत आहे. साहेब म्हणाले, गंमत करताय का? मीही हसलो. मग नीट समजावलं तर एक सहकारी म्हणतो, हां म्हणजे तमाशा, असं सांग ना. कसलं तोंड करून म्हणाला! अरे तमाशा असता तरी काय कमीपणा आहे, गण, गौळण, बतावणी, वग एवढं बसवून दाखव आधी. त्याचं एकच, गंमत म्हणजे टाइमपास, त्याला कला कशाला म्हणायचं. २०२३ मध्ये आमच्याच पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकाचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बातमी मुद्दाम त्यालाच व्हॉट्सॲप केली. नाटक वेगळं, गंमत वेगळी, मान्य, पण मुलूख तोच ना. निळी टिक आली, उत्तर नाही.

तेव्हा कोणी ‘गंमत म्हणजे फालतूपणा’ असं शिकवलं तर त्याचं ऐकू नका, आधी एक रात्र मंडईत बसा, शाल न्या, थंडी असते. हां, आता बऱ्याच ठिकाणी पिक्चरची गाणी आणि अचकट-विचकट जोक घुसलेत, तसली पार्टी वाट्याला आली तर मला शिव्या देऊ नका.

आणि लिहिताना गमतीत, गमतीने, गमतीदार, तिथे अनुस्वार नको.