वाचकांचे प्रश्न : दीर म्हणतात पाश्चात्त्यांचे दुखणे, भाऊ म्हणतो इंग्लंडला आण

प्रश्न : माझा मुलगा 22 वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याने कॉलेज सोडले, खोलीत एकट्याने बोलू लागला आणि शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे सांगू लागला. सिव्हिल हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचे निदान करून गोळ्या सुरू केल्या आणि सहा महिन्यांत त्याच्यात निश्चित फरक पडला. परंतु घरात दोन तट पडले आहेत. माझे दीर निवृत्त शिक्षक आहेत. हे सारे पाश्चात्त्यांचे आजार आहेत, एकत्र कुटुंबात त्यांना थारा नसतो, तेव्हा गोळ्या बंद करा, असे ते म्हणतात. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला माझा भाऊ म्हणतो की भारतात मनोरुग्णांना अजून साखळीने बांधतात आणि भूल न देता शॉक देतात, तेव्हा मुलाला तिकडे पाठव. मी कोणाचे ऐकू?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : गोळ्या बंद करू नका. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीच्या चर्चेला वेळ आहे, याला नाही. डॉक्टरांना न विचारता औषध थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका मोठा असतो.

आता आपल्या दिरांचे म्हणणे पाहू. ते सर्वस्वी निराधार नाही, आणि म्हणूनच त्याचा फसवेपणा लवकर लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा एकत्रित अभ्यास सुरू केला. त्यात लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन यांच्याबरोबर आपले आग्राही होते. पहिली गोष्ट अशी दिसली की हा आजार सर्व केंद्रांवर ओळखता येण्याजोग्या रूपात आढळतो, म्हणजे तो पाश्चात्त्यांचा खासा नाही. दुसरी गोष्ट अशी की काही वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा आग्रा आणि नायजेरियातील इबादान येथील रुग्णांची स्थिती श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा सरासरीने बरी होती. पुढच्या अभ्यासात चंदीगडचे निष्कर्षही त्याच दिशेचे निघाले. येथून ‘आपली कुटुंबपद्धतीच औषध’ हे वाक्य जन्माला आले आणि गेली कित्येक वर्षे ते भाषणांतून फिरत आहे. परंतु 2008 मध्ये विक्रम पटेल आणि चेन्नईच्या आर. तारा यांच्यासह चार संशोधकांनी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील अनेक अभ्यास पुन्हा तपासले आणि हा निष्कर्ष सरसकट लावता येत नाही, असे दाखवले. रुग्ण घरात राहतो याचा अर्थ तो बरा आहे असा होत नाही. कित्येकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की त्याला न्यायला दुसरी जागा नाही, आणि त्याचे सारे ओझे घरातील एखाद्या बाईच्या पाठीवर पडलेले असते. हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको.

कुटुंबाचे महत्त्व मात्र खरेच आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात 1950 च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. रुग्णाशी कसे वागावे हे ते तेथे शिकत आणि रुग्ण लवकर घरी परतत. जगाने दखल घ्यावी असे ते काम होते. पण लक्षात घ्या, विद्यासागरांनी कुटुंबाला उपचारांत आणले. उपचारांच्या जागी कुटुंब बसवले नाही. दिरांना हेही सांगा की मनोविकारांवरील अगदी सुरुवातीच्या औषधांपैकी एक, रेझर्पिन, आपल्या सर्पगंधेच्या मुळापासून मिळाले. तिच्या उपयोगाविषयी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्येच लिहिले होते. नंतर दुष्परिणामांमुळे ते मागे पडले, तर 1952 मध्ये पॅरिसमध्ये मनोरुग्णांना प्रथम दिले गेलेले क्लोरप्रोमझिन टिकून राहिले. पहिले आपले म्हणून कोणी टिकवले नाही आणि दुसरे परके म्हणून कोणी टाकले नाही.

आता भाऊ. साखळीची गोष्ट त्याने मनाने रचलेली नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रमाला आग लागली आणि बांधून ठेवलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. ही लाज झाकण्यात काही अर्थ नाही. मात्र त्या घटनेवरून सिव्हिलमधील आपल्या मुलाच्या डॉक्टरांची परीक्षा करणे हे, पुलावरच्या एका अपघातावरून साऱ्या एसटीला दोष देण्यासारखे झाले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि भूल व स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय शॉक देण्यासही मनाई केली. कायदा झाला म्हणजे सगळीकडे पाळला गेला असे मी म्हणणार नाही. पण आपल्या मुलाच्या बाबतीत तो पाळला जात आहे की नाही हे आपण स्वतः पाहू शकता, आणि इंग्लंडमधून ते दिसत नाही. शॉकचे उपचार, म्हणजे ईसीटी, इंग्लंडमध्येही भूल देऊन केले जातातच, हेही भावाला विचारून पाहा.

आणखी एक गंमत. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे 309 वे कलम आपल्याला 1860 च्या दंडसंहितेने, म्हणजे इंग्रजांच्या राज्याने दिले. इंग्लंडने आपल्याकडचा तसा गुन्हा 1961 मध्ये रद्द केला. आपण तो 2024 मध्ये ती दंडसंहिता रद्द होईपर्यंत धरून बसलो. त्याआधी 2017 च्या कायद्याने एवढे केले की अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरून तिला शिक्षेतून वगळले. मागासलेपणा कोणाचा, या वादात दोन्ही पक्षांना हे कलम गैरसोयीचे आहे.

इंग्लंडमध्ये मानसोपचार चांगले आहेत यात शंका नाही. पण तेथेही कृष्णवर्णीय रुग्णांना सक्तीने दाखल करण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक आहे आणि त्यावर तेथील लोकच सरकारला जाब विचारीत आहेत. शिवाय तेथील मोफत सरकारी सेवा ही कायम वास्तव्य असलेल्यांसाठी आहे. पाहुण्याला इस्पितळाचे बिल येते. आणि ज्या मुलाला मराठीत आवाज ऐकू येतात, त्याने ते परक्या डॉक्टरांना इंग्रजीत कसे सांगायचे?

आपल्याकडे खरी अडचण वेगळी आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या सुमारे 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले. आपला मुलगा उरलेल्या थोड्यांत आहे. तो तेथेच राहील एवढे पाहा. पुढच्या वेळी केसपेपर काढाल तेव्हा दिरांना बरोबर न्या आणि त्यांचे प्रश्न डॉक्टरांनाच विचारू द्या. रात्रीअपरात्री गरज पडल्यास 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा विनामूल्य क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था रुग्णांच्या नातेवाइकांसाठी काम करते. ती कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केली, हे आपल्या भावाला आवर्जून कळवा. परदेशातील मराठी माणसाला पेशंट तिकडे नेण्यावाचून दुसरेही काही करता येते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. नैराश्यासाठी ज्या समुपदेशकाकडे जाते ती अमेरिकन आहे. मी सासूबाईंना रोज फोन करते आणि गावी पैसे पाठवते, हे तिला माझ्या आजाराचे कारण वाटते. माझा समुपदेशक भारतीयच असावा का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : असलाच पाहिजे असे नाही. भारतीय समुपदेशक मिळाला तरी पुण्याच्या पेठेत वाढलेल्याला भंडाऱ्याच्या शेतकरी घरातील सुनेचे जगणे आपोआप कळेल, अशी खात्री कोणी द्यावी? तो आपल्याच देशाचा म्हणून न विचारता गृहीत धरण्याचा धोका त्याच्या बाबतीत उलट जास्त असतो.

अमेरिकन समुपदेशकाची चूक फोन खटकण्यात नाही. त्या फोनचा आपल्याला त्रास होतो की आधार, हे तिने विचारले नाही, यात आहे. कदाचित दोन्ही होत असेल. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 च्या आपल्या निदानपुस्तिकेत याचसाठी 16 प्रश्नांची मुलाखत दिली आहे. आपल्या माणसांत या त्रासाला काय म्हणतात, त्याचे कारण काय मानतात, कोणाची मदत होते, असे त्यांतील प्रश्न आहेत. ती मुलाखत माझ्याबाबतीत घ्याल का, असे पुढच्या भेटीत सरळ विचारा. ती तयार झाली, तर तिच्याकडेच राहायला हरकत नाही.