लिव्हर खराब झालं की अमिनो ॲसिडचं काय होतं आणि डाळ-पनीर बंद करावं का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना सिरॉसिस (लिव्हर निबर, कडक होण्याचा आजार) आहे, घरचे म्हणतायत प्रोटीनने अमोनिया डोक्यात चढतो, डाळ, पनीर, दूध सगळं बंद करा, तर त्यात तथ्य किती. मी इंदूरलाच आहारतज्ज्ञ आहे आणि हे रोज ऐकते. तुमच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलं नसेल तर प्लीज बंद करू नका.

प्रोटीन पचलं की त्याची अमिनो ॲसिड्स होतात आणि आतड्यातून थेट लिव्हरला जातात. तिथे त्यातून अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) बनतं, रक्त गोठवणारी प्रोटीन्स बनतात, आणि जास्तीच्या नायट्रोजनचा अमोनिया झाला की लिव्हर त्याचा युरिया करून लघवीवाटे घालवतं (हे चक्र क्रेब्स आणि हेन्सेलाइटने 1932 साली शोधलं). सिरॉसिसमध्ये चांगल्या पेशी कमी होतात, शिवाय बरंचसं रक्त लिव्हरला वळसा घालून दुसऱ्या शिरांमधून निघून जातं, म्हणून अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. इथपर्यंत घरच्यांचं बरोबर आहे.

पण पुढचं कुणी सांगत नाही. फिनाइलअलानिन, टायरोसिन ही अमिनो ॲसिड्स लिव्हरच मोडतं म्हणून ती रक्तात वाढतात, आणि ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन म्हणजे बीसीएए (फांद्या असलेल्या रचनेची अमिनो ॲसिड्स), ही मुख्यतः स्नायूंमध्ये वापरली जातात, ती कमी होतात. बीसीएए भागिले ती पहिली दोन, हे प्रमाण, ज्याला फिशर रेशो म्हणतात, निरोगी माणसात 3 ते 3.5 च्या आसपास असतं आणि आजार फार वाढला की 1 पर्यंत येतं. बीसीएए जातात कुठे? लिव्हरला जमत नाही म्हणून स्नायू अमोनिया ओढून घेतात, ग्लुटामेट नावाच्या अमिनो ॲसिडला जोडून त्याचं ग्लुटामिन करतात, आणि ते ग्लुटामेट बनवायला बीसीएए खर्च होतात. म्हणजे वडिलांचे स्नायू सध्या लिव्हरचं काम करतायत! प्रोटीन तोडलं की स्नायू झिजणार, आणि ते झिजले की अमोनिया उलट वाढणार.

झीज लवकर कळत नाही कारण पोटात पाणी भरल्यामुळे वजन तेवढंच दिसतं. कानशिलाजवळ खड्डा पडलाय का, अंगठ्याच्या मुळाशी तळहाताचा गुबगुबीत भाग सपाट झालाय का, ते बघा.

प्रोटीन साधारणपणे किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतं, पाणी वजा करून धरलेल्या वजनावर. 60 किलोला 72 ते 90 ग्रॅम झालं, आणि वाटीभर डाळीत जेमतेम 6-7 ग्रॅम असतं, त्यामुळे दूध, दही, घरचं पनीर, मुगाची उसळ सगळं लागतंच. डाळी आणि दुधाचं प्रोटीन सिरॉसिसच्या पेशंटना मटणापेक्षा जास्त सोसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे उपाशी राहणं. खराब लिव्हरमध्ये ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा फार थोडा असतो, म्हणून एका रात्रीच्या उपाशीपणात शरीर स्नायू तोडायला लागतं, चांगल्या माणसाला त्या अवस्थेला यायला दोन-तीन दिवस लागतात. वडील चतुर्थी, एकादशी धरत असतील तर सध्या सोडायला लावा, आणि रात्री झोपताना दूध-दलिया किंवा दुधातलं सातू द्या, साधारण 50 ग्रॅम कार्बोहायड्रेट जाईल असं. शुगर असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि सकाळच्या पोह्यांवरची शेव-जिरावण (इंदुरी खारट मसाला) मात्र बंद, पोटात पाणी असताना मीठ फार नडतं, इंदूरच्या माणसाला हे सांगताना मला खरंच वाईट वाटतं पण इलाज नाही.

हे सगळं सिरॉसिसचं झालं, अचानक लिव्हर फेल झालं असेल तर हिशेब वेगळा आणि तो हॉस्पिटलातच ठरतो.

लॅक्टुलोज (शौच साफ होण्याचं औषध) दिलं असेल तर दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतपत चालू ठेवा, बद्धकोष्ठाने अमोनिया वाढतो. आणि रात्री टक्क जागे, दिवसा पेंगणं, सही वेडीवाकडी येणं, हात पुढे धरले की पंजे फडफडणं, ही अमोनिया मेंदूवर चढल्याची लक्षणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.