हे गावी गेले की विमान विकून टाकू का?

ताई, आम्ही डोंबिवलीत राहतो. निवृत्तीच्या आधी यांनी स्पिटफायर या लढाऊ विमानाचा रिमोटवर उडणारा किट घेतला, खऱ्याच्या पाचव्या हिश्शाचा. एक पंख बांधून झाला, मग डोळ्यांचं ऑपरेशन, मग करोना, मग राहिलंच. आता लेक बाळंतपणाला यायचीय आणि खोलीत विमान पसरलंय. एक मुलगा सगळ्याचे तीस हजार देतोय. हे पुढच्या आठवड्यात गावी जाणार आहेत. तेव्हा देऊन टाकू का?
– एक त्रासलेली वाचक

अजिबात नको. गावाहून आल्यावर ते भांडले तर एक वेळ ठीक. पण काहीच बोलले नाहीत तर तुम्हाला फार जड जाईल. खोली मात्र रिकामी व्हायलाच हवी, त्यात तुमचं काहीही चुकत नाही. लेकीपुढे स्पिटफायरने थांबायचं.

तुमचे यजमान आळशी आहेत, असंही मनात आणू नका. त्यांनी अवघड विमान निवडलंय. स्पिटफायरचे पंख लंबगोल, त्यामुळे मुळापासून टोकापर्यंत फासळ्यांचं, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पट्ट्यांचं, माप बदलत जातं. खरं विमान 1936 साली पहिल्यांदा उडालं, त्यानंतर ते पंख घडवताना कारखान्यांनाही घाम फुटला होता. घरच्या टेबलावर, ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी, बाल्सा या हलक्या लाकडाची पातळ फासळी खाचेत बसवून बघा म्हणजे कळेल. पाचव्या हिश्शाचं म्हटलं तरी पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वादोन मीटर होतात. डोंबिवलीतल्या खोलीत!

आता त्या तीस हजारांचं. अर्धवट किटला सहसा नव्याकोऱ्या किटपेक्षा कमीच भाव येतो. विकत घेणाऱ्याला दुसऱ्याच्या हातच्या सांध्यांवर भरवसा ठेवावा लागतो. यांच्या मेहनतीचे पैसे कोणी मोजत नाही. हे कटू आहे, पण यांना आधीच कळलेलं बरं. पंखावर अजून बाल्साचं आवरण चढलं नसेल तर चढवू नका. ‘थोडं नीटनेटकं करून विकू’ म्हणून आतले सांधे झाकले की गिऱ्हाईक बिचकतं. उघड्या सांगाड्याचे जवळून फोटो काढा. पावसाळ्यात बाल्सा वाकतं, म्हणून पंख सपाट टेबलावर ठेवून पीळ पडलाय का ते पाहा आणि पडला असेल तर सांगून टाका. बांधणीचा नकाशा मात्र जिवापाड जपा. तो हरवला तर उरलेल्या फळ्यांचं काय करायचं हे कोणालाच कळणार नाही.

पेट्रोल इंजिन, आत-बाहेर होणारी चाकं आणि सर्व्हो मोटारी (रिमोटच्या इशाऱ्यावर विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटारी) घेतल्या असतील तर त्यांचा भाव वेगळा काढा. न वापरलेलं इंजिन खोक्यातच असेल, तर त्या मुलाचा डोळा त्यावरच आहे असं माझं मन सांगतं. इंजिन घेऊन तो लाकूड माळ्यावर टाकेल. सांगाडा द्यायचा तर पुढे बांधणाऱ्यालाच द्या: जवळपासचा एखादा एरोमॉडेलर, म्हणजे अशी छोटी विमानं बांधणारा हौशी, नाहीतर इंजिनिअरिंग कॉलेजातली हौशी पोरं. कुरिअरच्या भानगडीत पडू नका, येऊन घेऊन जाणाराच बघा.

पण हे सगळं यांच्यासमोर. ते गावी जायच्या आधी, चहाच्या वेळी विचारा: ‘दुसरा पंख कधी सुरू करताय?’ ‘विकायचं का?’ असं विचारलंत तर नाहीच म्हणतील. तारीख सांगितली तर बाळंतपण होईपर्यंत सगळं खोक्यांत भरून नातेवाइकांकडे हलवा आणि मग त्या तारखेला त्यांना धरा. ‘आता डोळे साथ देत नाहीत’ असं म्हणाले, तर गिऱ्हाईक त्यांनाच निवडू द्या, किंमतही त्यांनाच सांगू द्या. हजार-दोन हजार कमी आले तर कुरकुर करू नका.

त्या मुलाला आजच फोन करा. म्हणावं, इंजिन सोडून नुसत्या लाकडाचे किती देतोस? तो काय म्हणतो ते यांनाही ऐकू द्या.