डर्बीत घोडा कसा निवडावा?

प्रश्न : महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीत प्रथमच पैसे लावणार आहे. नुकत्याच जिंकलेल्या वेगवान घोड्यावर लावावेत का? – एक वाचक, दादर

उत्तर : तो विजय किती अंतरावरचा होता, हे आधी पाहावे. चार वर्षांच्या घोड्यांची ही शर्यत २४०० मीटरची असते आणि १२०० मीटरवर सुसाट धावणारा घोडा तिच्या शेवटच्या टप्प्यात बहुधा दमतो. म्हणून लांब पल्ल्यावर अखेरपर्यंत जोर टिकवणारा घोडा, मग तो दुसरा आलेला का असेना, मला अधिक भरवशाचा वाटतो. टोटवरचा (सर्वांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या रेसकोर्सच्या व्यवस्थेतला) भाव शर्यत सुटेपर्यंत बदलतो, बुकमेकरकडे (स्वतः पैजा घेणाऱ्याकडे) मात्र लावतानाचाच मिळतो. नवख्याने ‘प्लेस’ (घोडा पहिल्या काही क्रमांकांत आला तरी पैसे मिळणारी पैज) लावावे आणि उसने पैसे कदापि लावू नयेत.