कंसातली आजी

डब्लिनहून आलेलं चार पानी पत्र दोनदा वाचलं. "परमिटचं नूतनीकरण अडकलं होतं, निघता आलं नाही. आजीचं रक्षाविसर्जन मी मोबाइलवर पाहिलं. पंचगंगेच्या घाटावर चुलतभाऊ फोन धरून उभा होता, अर्धा वेळ मला नुसता त्याचा अंगठा दिसत होता." बाई गं, निदान अंगठा तरी दिसला. माझी आजी गेली तेव्हा, १९९७ साली, मी लीड्सला होते, मामाचा फोनच मुळात चौथ्या दिवशी आला.

पत्रात प्रश्न पाच आहेत. त्यातले चार भराभर उरकते, कारण मला जे बोलायचंय ते तुम्ही विचारलेलंच नाही.

पोचता आलं नाही याची बोच राहणार. आपल्याकडं रक्षाविसर्जन बहुधा तिसऱ्या दिवशीच करतात, विमानानं येणाऱ्यासाठी कुणी थांबत नाही. वर्षश्राद्धाला या. तेही जमलं नाही तर सर्वपित्री अमावास्या आहे, तिथं तिथी चुकली तरी चालतं. लेक सात वर्षांची आहे, तिला "पणजी झोपली" असं सांगू नका, पोरं मग झोपायलाच घाबरतात. गेली, परत येणार नाही, असं सरळ सांगा. घराचं म्हणाल तर काका पाठवतायत त्या हक्कसोडपत्रावर दुःखाच्या भरात सही नको. घर आजीच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर तुमच्या दिवंगत वडिलांचा वाटा तुमच्याकडं येतो. सोडायचा तर सोडा, पण वकिलाला दाखवून. आणि आजीच्या नावानं शिष्यवृत्ती? द्या की. त्यातून काही उरलं तर होळीच्या सुमाराला पंचगंगा स्मशानभूमीला शेणी, म्हणजे गोवऱ्या, द्या. आपल्या कोल्हापुरात महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, ते अशा दानावरही चालतं.

आता ती ओळ. तिसऱ्या पानावर, कंसात लिहिलेली: "(आजी ‘मी आलो, मी जेवलो’ असं बोलायची. लेकीला गंमत वाटायची. मी तिला सांगायचे, पणजीचं मराठी गावठी आहे, तू तसं बोलू नकोस. शेवटी शेवटी आजी व्हिडिओवर नुसती हसायची.)"

अगं, चार पानं दुःख लिहिलंस आणि दुखणं कंसात घातलंस? (तुम्हीवरून तूवर आलो, रागावू नकोस. आणि होय, बाईच आहे मी. यापुढं माझ्या आजीसारखंच लिहितो.)

मी अकरावीला पुण्याला गेलो. होस्टेलच्या पहिल्याच रात्री "मी जेवलो" म्हणालो आणि खोलीतल्या पोरी हसून लोळल्या. दिवाळीपर्यंत माझं "जेवले" झालं होतं. सुट्टीत घरी आलो आणि आजीला शिकवायला बसलो. ती कागलकडची, गुऱ्हाळाच्या घरातली, शाळेची पायरी न चढलेली. मी म्हणालो, आजी, बाईनं जेवले म्हणायचं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मग आजवर जेवला तो कोण?"

सगळे हसले. मीही हसलो. पुढं लीड्सहून फोन करायचो तर ती "बरी हाय, ठेव आता, पैसे पडत्यात" एवढंच म्हणायची. मला वाटायचं, बिलाची काळजी करते. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी आत्यानं सांगितलं, तुझ्याशी बोलताना चुकंल म्हणून भ्यायची ती.

म्हणून तुझी आजी नुसती हसायची ते वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

चूक कसली त्यात? कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात बायका पिढ्यान् पिढ्या असंच बोलत आल्यात. शेजारच्या कन्नडात "नानु बरुत्तेने" हे बाई म्हणो की बाप्या, क्रियापद बदलत नाही. शेजाराचा गुण लागला असणार, माझं आपलं मत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा तुमच्या तिकडच्या मराठी मंडळानंही पेढे वाटले असतील. त्या अभिजात मराठीत तुझ्या आजीचं "मी आलो" बसतं की नाही, हे कुणी विचारलं का?

२०११ ला परत आलो आणि मी पुन्हा "येतो, जातो" सुरू केलं. आमचे हे नाशिकचे. मी स्वयंपाकघरातून "आलो आलो" म्हणालो की हे दाराकडं बघायचे, कोण पाव्हणा आला म्हणून.

तू काय करायचंस ते सांगतो. व्हॉट्सॲपवरचे आजीचे व्हॉइस मेसेज आजच बाहेर काढून दोन ठिकाणी ठेव. फोन बदलला की जातात, माझ्या मुलाचे गेले. मग रविवारी आत्याला फोन लाव. "आजीच्या आठवणी सांगा" म्हणू नकोस, त्यावर माणसं भाषण देतात. विचार, भाजी करपली की काय म्हणायची? पोरगं उशिरा आलं की? देणेकरी दारात आला की? जसं ऐकशील तसं लिही. "करायलाय" असेल तिथं "करत आहे" केलंस तर वही फेकून दे. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर काहील, चुलवाण, चिपाड, गुळव्या असे शब्द आहेत, सगळे गुऱ्हाळातले. गुळाच्या ढेपेला ती रवा म्हणायची. आमच्या मुलाला रवा म्हणजे शिऱ्याचाच एवढंच ठाऊक, कारण मी त्याला दुसरा कधी सांगितलाच नाही.

आणि लेकीला एकदा समोर बसवून सांग, पणजीचं बरोबर होतं, आईचं चुकलं. तुला जड जाईल. तिला अजिबात जाणार नाही, दुसऱ्या मिनिटाला "मी खेळायला जातो" म्हणून पळेल. तेव्हा गप्प बस.

राहिला पाचवा प्रश्न, चटणी न्यायचा. कांदा-लसणाच्या चटणीला तेल सुटतं. नुसत्या स्टीलच्या डब्यावर विसंबू नकोस, आधी दोन जाड पिशव्यांत बांध, मग डब्यात, आणि साड्यांपासून लांब ठेव. माझ्या दोन गेल्या, त्यातली एक पैठणी होती.