मोडलेली, पुन्हा बांधलेली फेरारी २५० जीटीओ 'अस्सल' कशी?

तुमचा प्रश्न असा आहे: ३८५१ जीटी या चेसिस क्रमांकाची फेरारी २५० जीटीओ १९६२ मध्येच अपघातात मोडली. कंपनीने ती दुरुस्त करून दिली. तरीही २०१४ च्या लिलावात तिला विक्रमी किंमत मिळाली. मग तिला अस्सल कोणत्या अर्थाने म्हणायचं?

पुण्यात जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा उभ्या करण्याचं माझं छोटं वर्कशॉप आहे. बहुतेक काम कुर्ल्याला बनलेल्या फियाट ११०० चं. म्हणजे लोक ज्यांना प्रेमाने डुक्कर फियाट म्हणतात, तिथपासून पुढच्या सगळ्या. जीटीओला मी कधी हात लावलेला नाही. पण तुमच्यासारखाच प्रश्न गिऱ्हाइकं मला फियाटबद्दल विचारतात आणि या एका गाडीचा इतिहास मी बरीच वर्षं मन लावून वाचत आलोय.

आधी गाडी. फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओ फक्त ३६ बनवल्या (चार लिटर इंजिनच्या तीन धरल्या तर ३९). एका सिलिंडरची क्षमता साधारण २५० सीसी, म्हणून नाव २५०. असे बारा सिलिंडर, एकूण २९५३ सीसी, सहा वेबर कार्बोरेटर, ताकद ३०० अश्वशक्तीच्या आसपास. जोत्तो बिझ्झारिनी या इंजिनियरने ती आकाराला आणली, पण १९६१ च्या अखेरीस कंपनीत मोठं भांडण झालं आणि तो बाहेर पडला. उरलेलं काम माउरो फोर्गिएरीने पूर्ण केलं, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. नावातलं जीटी म्हणजे ग्रान तुरिस्मो, लांब पल्ल्याची वेगवान गाडी; शेवटचा 'ओ' म्हणजे ओमोलोगातो, शर्यतीसाठी मान्यता मिळालेली. त्या मान्यतेसाठी खरं तर १०० गाड्या बनवायला हव्या होत्या. ही आमच्या आधीच्या छोट्या व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर कमी असलेल्या) २५० जीटीचीच सुधारित आवृत्ती आहे, असं सांगून फेरारीने ती मिळवली. १९६२, ६३ आणि ६४ अशी सलग तीन वर्षं जीटी गटाचं जागतिक विजेतेपद तिच्याकडेच राहिलं.

बॉडी मोदेनात, स्कालिएत्तीच्या कारखान्यात बनायची. ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून. माझं लहानपण कसबा पेठेत, तांबट आळीजवळ गेलं. सकाळी जाग यायची ती तांब्यावरच्या मठारकामाच्या ठोक्यांनी. त्यामुळे हे मला लगेच पटतं की दोन जीटीओ शेजारी उभ्या केल्या तर त्यांची वळणं तंतोतंत जुळत नाहीत. तांब्याचे दोन बंब तरी कुठे जुळतात? हाताने ठोकलेल्या वस्तूला जन्मापासूनच स्वतःचा चेहरा असतो.

आता ३८५१ जीटी. सप्टेंबर १९६२ मध्ये ती फ्रान्सच्या जो श्लेसरला मिळाली. त्याच महिन्यात तो आणि हेन्री ओरेइये तिला घेऊन तूर द फ्रान्स मोटार शर्यतीत उतरले आणि दुसरे आले. ओरेइये कोण, हे मुद्दाम सांगतो, कारण गाड्यांवर लिहिणारे बरेच जण त्याला एका ओळीत उरकतात. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच प्रतिकार चळवळीत होता. १९४८ च्या सेंट मॉरिट्झ हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने स्कीइंगची दोन सुवर्णं आणि एक कांस्य जिंकलं. बर्फ सोडून तो मोटार शर्यतींकडे वळला होता. ७ ऑक्टोबर १९६२ रोजी पॅरिसजवळच्या माँलेरी ट्रॅकवर ही गाडी त्याच्या हातात असताना अपघात झाला आणि तो गेला. वय ३६. गाडी मालकाकडे येऊन जेमतेम महिना झाला होता.

मोडकी गाडी इटलीला परत गेली. कंपनीने ती पुन्हा बांधली आणि ती पाओलो कोलोंबोकडे गेली. १९६३ भर त्याने ती इटलीतल्या डोंगरचढाईच्या शर्यतींत पळवली. पुढचा मालक एर्नेस्तो प्रिनोथ, दक्षिण तिरोलचा. बर्फ सपाट करणारी यंत्रं बनवणारी प्रिनोथ कंपनी याचीच. ज्या गाडीत एक स्की-विजेता गेला, ती दोनच वर्षांत स्कीच्या उतारांवर यंत्रं फिरवणाऱ्या माणसाकडे आली. योगायोगच, पण दर वेळी वाचताना मी इथे थांबतो.

१९६५ मध्ये ती फाब्रित्सिओ व्हिओलातीने घेतली. फेरारेल्ले या मिनरल वॉटरवाल्या घराण्यातला हा तरुण. घरच्यांना कळू नये म्हणून सुरुवातीला तो ती रात्रीच बाहेर काढायचा, असं सांगतात. २०१० मध्ये तो वारला तोपर्यंत गाडी त्याच्याकडेच होती, म्हणजे पंचेचाळीस वर्षं. पुढे सान मारिनोमध्ये त्याने मारानेल्लो रोस्सो नावाने संग्रह उभारला, पण ही गाडी नुसती काचेआड ठेवली नाही. जुन्या गाड्यांच्या शर्यतींत ती तो स्वतः चालवत राहिला. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. इतकी वर्षं एका हातात राहिलेल्या गाडीत काय बदललं, कधी आणि का, याला उत्तर देणारं कोणीतरी असतं.

१४ ऑगस्ट २०१४ रोजी कॅलिफोर्नियात कार्मेलजवळ बोनहॅम्सच्या लिलावात ती ३ कोटी ८१ लाख १५ हजार डॉलरला गेली. त्या दिवसापर्यंत लिलावात एवढी किंमत कुठल्याच गाडीला मिळाली नव्हती. २०१८ मध्ये तो विक्रम दुसऱ्या एका जीटीओनेच मोडला.

आता तुमच्या मुद्द्याकडे. आपल्याकडे आरटीओत चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घेतात, ती का? कारण कायद्याच्या नजरेत गाडी म्हणजे तो नंबर. फेरारीतही तसंच. त्या काळात रस्त्यावरच्या आणि जीटी गाड्यांना विषम नंबर मिळायचे, निव्वळ शर्यतीच्या गाड्यांना सम. ३८५१ विषम आहे, मागे जीटी आहे, म्हणजे नंबरच सांगतो की ती कोणत्या रांगेत जन्मली. फेरारीचा क्लासिके विभाग आज प्रमाणपत्र देताना चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहतो.

पण माझ्या मते नंबरापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे न तुटलेली साखळी. श्लेसर, कोलोंबो, प्रिनोथ, व्हिओलाती, लिलाव. मधे एकही रिकामी जागा नाही. अपघात लपवलेला नाही आणि दुरुस्ती ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच, त्याच काळात, त्याच पद्धतीने केली. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीला वज्रलेप होतो. म्हणून आपण मूर्ती बदलली असं म्हणत नाही, कारण ती त्याच जागी आहे. याउलट आज कोणी जीटीओ हुबेहूब बनवली, अगदी जास्त नीट बनवली, तरी तिच्यामागे अशी साखळी नाही. २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने जीटीओला कलाकृती मानून तिच्या नकलांना मनाई केली, तेव्हा मला बरं वाटलं.

म्हणूनच जीर्णोद्धार आणि गुळगुळीत करणं यांत मी फरक करतो. मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक आजोबांची फियाट घेऊन आलं. डाव्या मडगार्डवर पितळेने झाळलेला एक ओबडधोबड जोड होता. त्यांचं म्हणणं, हा कापून नवा पत्रा लावा, वर लांबी (पुट्टी) भरा, कळणारसुद्धा नाही. मी विचारलं, हा जोड कुठला? त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी घरी आजीला फोन लावला. खंबाटकी घाटात ट्रकला घासली होती, साताऱ्यातल्या एका मिस्त्रीने रात्रभर बसून जोडून दिली आणि सकाळी त्याच गाडीने बारशाला पोहोचले. बारसं या गिऱ्हाइकाच्या वडिलांचं.

जोड मी आतून गंजरोधक लावून तसाच ठेवला. वर रंगाचा पातळ हात दिला आहे. उजेड तिरका पडला की तो दिसतो.