हौदाचा गाळ काढायला घरचा व्हॅक्यूम: गाळ मोटरमधून जाऊ द्यायचा नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टिळकवाडीत घरामागं जमिनीवर बांधलेला सिमेंटचा हौद, ८ फूट बाय ५ फूट, पाणी २ फूट. त्यात गोल्डफिश आणि कोई. पावसाळ्यात वाहून आलेली तांबडी माती आणि आंब्याचा पाला तळाला बसलाय. घरची अर्ध्या एचपीची मोटर लावली तर पाच मिनिटांत अडकली. घरीच व्हॅक्यूम बनवता येईल का?

येईल. खरं मोटर बदलून काही होणार नाही, दुसरीही अशीच अडकेल. कुजलेला पाला इंपेलरला (मोटरमधल्या फिरत्या पात्याला) गुंडाळतो आणि बारीक माती सील खाते. म्हणून गाळ आधी ड्रममध्ये उतरवायचा आणि मोटरला फक्त गाळलेलं पाणी द्यायचं. तुमचा हौद जमिनीच्या वर आहे, ही मोठी सोय. ओढायचं काम उताराच्या जोरावर होतं, हवाबंद काही करावं लागत नाही.

सामान असं: एक निळा प्लास्टिकचा ड्रम, ५ फूट ४० एमएम पीव्हीसी पाइप, दीड इंची हिरवा सक्शन पाइप १२ ते १५ फूट (शेतीपंपाला लावतात तोच), दोन होज क्लिप, ४० एमएमचा एक बॉल व्हॉल्व्ह, एक जाळीदार टोपली, जुनी मच्छरदाणी आणि घरच्या मोटरऐवजी ड्रममधलं गाळलेलं पाणी बाहेर काढायला पाण्यात बुडणारा छोटा पंप. ड्रम घेताना लिटर बघू नका, उंची बघा. हौदाशेजारी जमिनीवर ठेवल्यावर त्याचा काठ हौदातल्या पाण्यापेक्षा किमान चार बोटं वर राहिला पाहिजे. मग लाईट गेली, पंप थांबला तरी ड्रम हौदाच्या पातळीपर्यंत भरतो आणि पाणी आपोआप थांबतं. काठ खाली राहिला तर तुम्ही चहा प्यायला आत जाऊन येईपर्यंत अर्धा हौद अंगणात.

पंप ताशी ४,००० ते ५,००० लिटरचा घ्या. कूलरचा पंप पुरत नाही. खोक्यावरचा आकडा पाणी अजिबात वर न चढवता मिळणारा असतो. तीन फूट चढवलं की तो बराच उतरतो. दीड इंची पाइपातून फूटभर पातळीच्या फरकावर मिनिटाला साधारण ५० ते ६० लिटर येतात, त्याला हा पंप जुळतो. एक इंची पाइप घेऊ नका, पाणी निम्म्याहून कमी येईल आणि पाला अडकेल तो वेगळाच.

आता जोडणी. पीव्हीसी पाइप म्हणजे हातातली कांडी. तिच्या खालच्या तोंडाला हॅकसॉने बोटभर रुंदीच्या चार खाचा पाडा, म्हणजे तळाला टेकली तरी चिकटून बसणार नाही. तोंडात स्टीलच्या तारेची अधिकची खूण (+) आडवी बसवा, लहान मासा आत जाऊ नये म्हणून. पुष्कळजण तोंडाला रुंद फनेल लावतात. तळाला खडी असेल तर ते ठीक, नुसता गाळ असेल तर नको. तोंड दुप्पट रुंद केलं की पाण्याचा वेग चौथाईवर येतो आणि जड गाळ जागचा हलत नाही.

सक्शन पाइपचं टोक दोन मिनिटं गरम पाण्यात बुडवलं की ४० एमएम पाइपावर चढतं. वर क्लिप आवळा. दुसऱ्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या पुढं मच्छरदाणीची दुपदरी पिशवी, दुसऱ्या क्लिपने घट्ट. सुतळीने बांधलेली पिशवी गाळ भरला की सुटते आणि सगळं पंपात जातं. ही पिशवी टोपलीत घालून ड्रमच्या एका बाजूला, पंप दुसऱ्या बाजूला विटेवर. पाइपचं टोक ड्रममधल्या पाण्याखाली असू द्या. टोक हवेत राहिलं तर प्रवाह मंदावल्यावर हवा वर चढते आणि सायफन (उताराच्या जोरावर चाललेली पाण्याची सलग ओढ) तुटतो.

सुरू करताना तोंडाने ओढू नका, हे पाणी पोटात जाण्यासारखं नसतं. व्हॉल्व्ह उघडा ठेवून पिशवी न लावलेला पूर्ण पाइप हौदात बुडवा, बुडबुडे थांबले की पाण्याखालीच व्हॉल्व्ह बंद करा, टोक उचलून ड्रममध्ये आणा, पिशवी चढवा, व्हॉल्व्ह उघडा. ड्रममध्ये वीतभर पाणी आलं की पंप चालू. यानंतर ड्रम स्वतःच तोल साधतो: पंपाने जास्त ओढलं तर आतली पातळी उतरते, फरक वाढतो, हौदातून पाणी जोरात येतं.

म्हणून काम चालू असताना नजर ड्रमच्या पातळीवर ठेवा. पातळी चढत गेली तर पंपाची जाळी तुंबली. पातळी उतरत गेली तर कांडी किंवा पिशवी तुंबली. पिशवी फुग्यासारखी तट्ट झाली असेल तर तीच. आणि कांडी पाण्याबाहेर काढली की पाइपात हवा शिरते, पंप कोरडा पडतो. जागा बदलताना तोंड पाण्याखालीच राहू द्या.

कांडी ढवळल्यासारखी फिरवू नका. वीतभर सरकवायची, थांबायचं, पाणी स्वच्छ दिसलं की पुढं. पहिलं १०० ते १५० लिटर पाणी काळं येईल, ते हौदात परत सोडू नका. मच्छरदाणी पाला अडवते, तांबडी माती अडवत नाही, आणि ती बसायला तासन्‌तास लागतात. हे पाणी नारळाला, केळीला, जास्वंदीला सोडा. पुढचं पाणी परत हौदात.

तुमच्या हौदात सुमारे २,२६५ लिटर पाणी आहे. एका वेळी चौथाईपेक्षा, म्हणजे साडेपाचशे लिटरपेक्षा जास्त बदलू नका. भर घालताना नळाचं पाणी असेल तर त्यातला क्लोरीन घालवावा लागेल: १५० लिटरला १ ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) साधारण पुरतं, २ ग्रॅम झालं तरी बिघडत नाही. बोअरचं असेल तर हायपो नको, खरं त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून उंचावरून फवारा करून सोडा.

काम पहाटे करू नका; त्या वेळी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. दहानंतर सुरू करा, आदल्या दिवशी माशांचं खाणं बंद, कारंजं किंवा एअर पंप चालू. सडक्या अंड्यासारखा वास आला किंवा मासे वर येऊन तोंड मारू लागले तर लगेच थांबा आणि उरलेला तळ आठवड्याने घ्या. जुना जाड थर असेल तर तसाही एका दिवसात उपसू नये.

पंपाच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच लाईन तोडणारा स्विच) हवाच. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको, खिळ्याला टांगा. ड्रममध्ये हात घालायच्या आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

घरात ओला-कोरडा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तो ड्रमच्या झाकणाला जोडून ओढता येतं, खरं मग ड्रम जाड आणि झाकण कड्याचं लागतं. दीड मीटर पाणी उचलण्याइतकी ओढ असली की ४० सेंटिमीटरच्या झाकणावर दीड-दोनशे किलोचा दाब येतो आणि रंगाची बादली चेपून जाते. शिवाय दर ड्रमाला थांबून रिकामं करायचं. ज्यांचा हौद जमिनीत खोल आहे, ड्रमला खड्डा काढायला जागा नाही, त्यांच्यासाठी तो मार्ग.

पिशवी धुताना नळाखाली धरू नका, हौदातल्याच बादलीभर पाण्यात खळबळून घ्या, आणि ते पाणीही जास्वंदीलाच.